अंगणात आलेली शाळा

मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलते आहे. एरवी या कार्यक्रमात मी बचत, हप्ते आणि नोंदवह्या यांवरच बोलते. आज वेगळा विषय घेतला आहे. आज इतिहास सांगणार आहे, पण राजे-महाराजांचा नाही, आपल्या अंगणवाडीचा.

हा विषय कसा निघाला ते आधी सांगते. गेल्या श्रावणात ओढ्यापलीकडच्या तांड्यावर गटाची बैठक होती. कर्जाचे पाच अर्ज आले होते. दोन शेळ्यांसाठी, एक शिलाई मशीनसाठी, आणि दोन अर्ज नर्सरीच्या फीसाठी. लेकरं केवढी? एक तीन वर्षांचं, दुसरं साडेतीन. तालुक्याहून व्हॅन येते, तिच्यात बसून जायचं आणि इंग्रजी शिकायचं.

मी म्हटलं, "अगं, गावात अंगणवाडी आहे. तिथं का नाही घालत?"

एक वहिनी म्हणाली, "ताई, तिथं काय, खिचडी खायची अन् घरी यायचं." दुसरी म्हणाली, "वजन करतात, डोस देतात." तिसरी म्हणाली, "अन् ती गावात. पावसाळ्यात ओढा ओलांडून एवढ्याशा लेकराला रोज कोण नेणार?"

भिंतीला टेकून याडी बसल्या होत्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि या आमच्या सगळ्यांच्याच याडी आहेत. त्या म्हणाल्या, "तिचं नाव अंगणवाडी ना? मग ती अंगणात का नाही?"

सगळ्या हसल्या. पण मला उत्तर देता आलं नाही. घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी तालुक्याच्या वाचनालयात गेले, पुस्तकं आणली, वाचली. जे हाती लागलं ते आज सांगते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सहा वर्षांखालच्या लेकराला काही शिकवायचं असतं, असं आपल्याकडं फारसं कुणाला वाटत नव्हतं. शाळा म्हणजे पाटी, पाढे आणि छडी. सावित्रीबाई आणि जोतिबा फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी १८५५ साली त्यांनी रात्रीची शाळा काढली. ही रात्रीची शाळा लक्षात ठेवा. माणसाला दिवसा येता येत नसेल तर शाळेनं आपली वेळ बदलायची, हा विचार तिच्यात होता. पण अगदी लहान लेकरं अजून शाळेच्या हिशेबात आली नव्हती.

त्यांचा विचार करणारे एक गृहस्थ गुजरातेत भावनगरला होते. गिजुभाई बधेका त्यांचं नाव. धंद्यानं वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या विचारातून ते या कामाकडं वळले आणि त्यांनी वकिली सोडली. १९२० साली भावनगरात त्यांनी बालमंदिर सुरू केलं. इटलीतल्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. त्या पद्धतीचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर असं: लहान लेकरू हातांनी शिकतं. ते ओततं, निवडतं, रचतं, मोडतं, पुन्हा रचतं. ते आपल्या गतीनं शिकतं. त्याला मारायचं नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही.

याच भावनगरात १९२३ साली एक मराठी बाई जाऊन पोचल्या. त्यांचं नाव ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या आणि १९१४ साली बी.ए. झालेल्या. त्या काळी बी.ए. झालेल्या बाया बोटांवर मोजाव्या इतक्याच. लग्न झालं, पण संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी होती. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य होत्या. पगार आणि मान दोन्ही होते. ते सोडून त्या गिजुभाईंच्या कामात आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आईबापांना आणि शिक्षकांना बालशिक्षण समजावं म्हणून शिक्षणपत्रिका निघू लागली. मराठीतल्या शिक्षणपत्रिकेचं काम ताराबाईंनी सांभाळलं. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला.

काम चांगलं चाललं होतं. पण ताराबाईंच्या मनात एक गोष्ट सलत होती. शिशुविहारात लेकरं कुणाची येत होती? शहरातली, शिकल्यासवरल्या घरातली. माँटेसरीची साधनंही महाग, कारागिराकडून मापात बनवून घ्यावी लागणारी. देशातली बहुतेक लेकरं तर खेड्यात. त्यांच्या आया पहाटे कामाला जाणाऱ्या. ही पद्धत त्या लेकरांच्या उपयोगी पडली नाही तर ती काय कामाची?

म्हणून १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं, समुद्राकाठचं गाव. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर आहे. तिथं त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा ताराबाईंचं वय ५३ होतं. या वयात आपल्याकडच्या बाया म्हणतात, "आता काय नवीन करायचं राहिलं?"

त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. मैत्रिणींनो, अनुताईंची गोष्ट वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. १९१० साली मोरगावात जन्म. मोरगाव म्हणजे आपलं मोरेश्वराचं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. पुण्यात मुलींच्या शाळेत त्यांची नोकरी पक्की होती. कस्तुरबा गांधी १९४४ साली गेल्या आणि खेड्यातल्या बाया-लेकरांसाठी त्यांच्या नावानं ट्रस्ट उभा राहिला. त्या ट्रस्टच्या ग्रामसेविकांच्या शिबिरात अनुताईंची आणि ताराबाईंची गाठ पडली. पक्की नोकरी सोडून अनुताई बोर्डीला आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, म्हणजे साधारण माझ्याच वयाच्या. आणि बी.ए. त्या कधी झाल्या? पन्नाशी गाठल्यावर. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तेव्हा दोन लेकरं झाली होती, आणि मला वाटायचं आपल्याला फार उशीर झाला.

आता बोर्डीत काय झालं ते ऐका. बालवाडी उघडली. जागा झाली, शिकवणाऱ्या बाया झाल्या. पण ज्यांच्यासाठी उघडली ती लेकरं येईनात. वस्तीतली, दलितांची, मजुरांची लेकरं गावातल्या बालवाडीत यायला बिचकत. आईबापांना भरवसा नव्हता. काहींना वाटायचं, आपलं लेकरू तिथं चालेल का? बाकीचे शिवतील का? आई सकाळीच कामाला गेलेली, मग लेकराला न्हाऊ-माखू घालून आणून सोडणार कोण? जे धाकट्याला सांभाळत होतं, त्यानं धाकट्याला कुणाकडं ठेवायचं?

अशा वेळी आपण काय म्हणतो? "आम्ही सोय केली, पण लोकांनाच गरज नाही." मी स्वतः हे वाक्य कितीदा तरी बोललेली आहे. ताराबाई आणि अनुताई असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी उलटा विचार केला. लेकरू शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेनं लेकरापर्यंत जायचं. त्या वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचं सारवलेलं अंगण बघितलं आणि लेकरं गोळा केली. आधी हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया येता-जाता बघत, दारात उभ्या राहत, हळूहळू अंगणात येऊन बसत. अंगणात भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी.

तर याडी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. अंगणवाडी खरंच अंगणात होती. तिचा जन्मच अंगणात झाला. गावातली बालवाडी ज्यांना लांब पडली, त्यांच्यासाठीच ती निघाली.

साधनांचाही प्रश्न त्यांनी असाच सोडवला. महागाची साधनं नकोत, आजूबाजूला जे आहे तेच साधन. चिंचोके, बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, माती, नारळाच्या करवंट्या. शिंपले लहान-मोठे लावले की लेकराला लहान-मोठं कळतं. बिया निवडल्या की बोटं तयार होतात, आणि हीच बोटं पुढं पेन्सिल धरतात. करवंटीतून करवंटीत पाणी ओतलं की हात स्थिर होतो. आपल्या घरात लेकरू सुपातले तांदूळ विस्कटतं तेव्हा आपण त्याला धपाटा घालतो. या बायांनी तेच काम लेकराला शिकण्यासाठी दिलं.

पुढं १९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. टेकडीच्या आजूबाजूला वारली पाडे. वारली लोकांची त्या काळची स्थिती थोडी सांगायला हवी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडं राबायचं. अशा माणसाला तिकडं लग्नगडी म्हणत. या गुलामीविरुद्ध आणि वेठबिगारीविरुद्ध १९४५ सालीच, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीनं, वारल्यांनी मोठा लढा दिला होता. वेठ गेली, पण गरिबी राहिली. लग्नगड्याचं वाचताना मला आपल्याकडची मुकादमाची उचल आठवली. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मला कळतं. तरी आठवली.

कोसबादला नवीन अडचण आली. सहा-सात वर्षांची मुलं गुरं राखायला जात. शाळेची वेळ आणि गुरं चरायची वेळ एकच. आईबापांना विचारलं तर ते म्हणणार, पोरगं शाळेत गेलं तर गुरं कोण बघणार? मग काय केलं, तर शिक्षक गुरांमागं गेले. मुलं जिथं गुरं चारत होती त्या कुरणातच शाळा भरवली. तिचं नावच कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसून अक्षरं गिरवताहेत, गाणी म्हणताहेत. ज्यांना दिवसा जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग घेतले. मघाशी मी फुल्यांच्या रात्रशाळेबद्दल बोलले, तोच विचार शंभर वर्षांनी कोसबादच्या टेकडीवर पुन्हा दिसतो.

आणखी एक अडचण होती, आणि ती मुलींची होती. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटं लेकरू, म्हणून ती शाळेत येत नाही. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. बहिणीनं धाकट्याला घेऊनच यायचं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात.

मैत्रिणींनो, हे वाचलं आणि मला माझीच गोष्ट आठवली. माझे आईवडील कोयत्यावर जायचे. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. मी पाच वर्षांची असेन, माझा भाऊ वर्षाचा. फडात आईनं उसाच्या बांधाला त्याला झोळी बांधलेली असायची आणि झोका द्यायला मी. उन्हं वाढली की आम्ही टायरगाडीच्या सावलीला. तो रडला की मी वाढ्याचं पान फाडून त्याला शिट्टी करून द्यायची. संध्याकाळी कोपीवर परत. पट्टा पडून गावी आलो की शाळेत बाई म्हणायच्या, "ही आली दिवाळीनंतर गेलेली." निम्मं वर्ष गेलेलं असायचं. पुढं आजी म्हणाली, "या पोरीला मी ठेवून घेते," म्हणून मी शिकले. माझ्याबरोबरच्या दोघी-तिघींना अशी आजी नव्हती. त्या आज कोयत्यावर आहेत, आणि त्यांच्या पोरी झोळीला झोका देतात.

पुढं काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. ऊसतोडीच्या मुलांसाठी, कोप्यांजवळच भरणाऱ्या. तीही कुरणशाळेचीच बहीण म्हणायची. पण मी झोळीजवळ बसले होते तिथं ती पोचली नव्हती. कुणीतरी आपल्यापर्यंत येणं आणि न येणं, यात एका लेकराचं सगळं आयुष्य वेगळं होतं. म्हणून हा इतिहास मला पुस्तकातला वाटत नाही.

आता अंगणवाडी सरकारची कशी झाली ते सांगते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ ठिकाणी. शून्य ते सहा वर्षांची लेकरं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी सहा सेवा ठरल्या: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराची माहिती, आणि सहावी सेवा म्हणजे शाळापूर्व शिक्षण. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ साली गेल्या होत्या. सरकारनं १९६२ साली त्यांना पद्मभूषण दिलं होतं. अनुताईंनी मात्र हे नाव देशभर पोचलेलं बघितलं. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्या १९९२ साली गेल्या, तोवर कोसबादच्या कामातच होत्या.

या सहा सेवा मी बैठकीत वाचून दाखवल्या. विचारलं, यातल्या किती आपल्याला माहीत होत्या? आहार, लस, वजन, एवढंच सगळ्यांना माहीत. शिक्षणाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. ज्या कामासाठी अंगणवाडी जन्माला आली, तेच काम आपण विसरलो.

यात अंगणवाडीताईंना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्यापुढं केवढी कामं असतात ते मी जवळून बघते. वजनं, मोबाइलवरच्या नोंदी, आहाराचा हिशेब, सर्वेक्षणं, घरभेटी. यातून उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. आणि आपण आया काय करतो? लेकराला डबा देऊन पाठवतो, खिचडी भरून आणायला सांगतो. आज काय खेळलास, असं कुणी विचारत नाही. आपण मागतच नाही, मग ते मिळणार कसं?

आणि नर्सरीचं सांगते. नर्सरी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. पण माझ्या भाचीला तिसऱ्या वर्षी एका नर्सरीत घातलं होतं. दोन महिन्यांत ती रात्री दचकून उठायला लागली. एबीसीडी एका रेषेत येत नाही म्हणून हातावर पट्टी बसायची. तिची बोटं अजून भाकरीचा तुकडाही नीट मोडत नव्हती. आम्ही त्यासाठी गटातून कर्ज काढलं होतं, आणि हप्ता तिचं नाव काढल्यावरही चालूच राहिला. छडी आणि भीती शाळेतून काढण्यासाठी ताराबाईंनी आयुष्य घातलं, आणि आपण ती कर्ज काढून परत आणतो.

आता याडींच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. अंगणवाडी आज तांड्याच्या अंगणात का नाही? कारण आपण ती मागितली नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं एक मोठा आदेश दिला. देशात किमान १४ लाख अंगणवाड्या हव्यात, असं त्यात सांगितलं. त्यात आपल्या कामाची गोष्ट अशी: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. म्हणजे बोर्डीच्या बाया जे आपणहून करत होत्या, ते आता मागायचा आपल्याला हक्क आहे.

हे मी तांड्यावर सांगितलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "चला मोजूच." दोन दिवसांत गटाच्या बायांनी घरोघर जाऊन लेकरं मोजली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. त्रेचाळीस भरली. यादी हातानं लिहिली. महिला ग्रामसभेत ठराव मांडला. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. मैत्रिणींनो, पोच घ्यायला कधी विसरू नका. शिक्का आणि तारखेशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम दिवाळीआधी केली. कारण दिवाळीनंतर तांडा कोयत्यावर जातो. मग कुणी पडताळणीला आलं तर तिथं वीससुद्धा लेकरं दिसणार नाहीत, आणि कागदावर लिहिलं जाईल की संख्या पुरेशी नाही. यादीत आम्ही लिहूनच दिलं आहे की ही घरं अमुक महिन्यात ऊसतोडीला जातात आणि अमुक महिन्यात परततात. ज्या बाया जाणार आहेत त्यांना आणखी एक सांगणं आहे. निघायच्या आधी अंगणवाडीताईंकडं आपल्या स्थलांतराची नोंद करून जा. लसीचं कार्ड सोबत ठेवा. जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत लेकराचा हक्क आहे. तिथं जाऊन नाव सांगायला लाजू नका.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. तीन महिने पुरे झाले की आम्ही सगळ्या पुन्हा जाणार आहोत. तोवर वाट बघत बसायचं का? याडी म्हणाल्या, "माझं अंगण आहे की." आता रोज सकाळी दोन तास याडींच्या अंगणात लेकरं बसतात. तांड्यावरची बारावी झालेली एक सून त्यांना खेळवते. ती आधी त्यांच्याशी गोरमाटीत बोलते, मग मराठीत. घरातली बोली लेकराला परकी नसते, म्हणून ते लवकर मोकळं होतं. गटातल्या दोघी-दोघी पाळीनं तिच्या मदतीला बसतात. साधनं म्हणजे चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुन्या साड्यांच्या चिंध्यांच्या बाहुल्या. याडी लमाणी गाणी म्हणतात. पहिल्या दिवशी सात लेकरं आली. परवा मी गेले तेव्हा एकोणीस होती. एक पोरगं दोन वाट्यांत पाणी ओतत बसलं होतं, न सांडता. त्याची आई दारातून बघत होती. मी काही बोलले नाही.

तुम्ही विचाराल, त्या दोन अर्जांचं काय झालं? एका वहिनीनं अर्ज मागं घेतला. दुसरीनं घेतला नाही. गटानं नियमाप्रमाणं तिला कर्ज दिलं आणि मीही सही केली. लेकराचं भलं व्हावं असंच तिला वाटतं, त्यात चूक काय? फक्त तिला मी म्हटलं, "शाळा बघायला जा. लेकरू तिथं हसतं का ते बघ. आणि कुणी हात उगारला तर मला सांग."

आता तुमच्यासाठी. या महिन्याच्या बैठकीत कर्ज-वसुली झाली की अर्धा तास राखून ठेवा. आपल्या वस्तीत सहा वर्षांखालची लेकरं किती, त्यातली अंगणवाडीत किती जातात आणि जी जात नाहीत ती का जात नाहीत, एवढं लिहून काढा. लांब पडतं, ओढा आहे, सांभाळायला कुणी नाही, जे असेल ते लिहा. अंगणवाडीताईंना बैठकीला बोलवा, त्यांचीही अडचण ऐका. आठवड्यातून एकदा दोघींनी अंगणवाडीत जाऊन गोष्ट सांगायची, असं ठरवता येईल. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मागं राहू नका. गोष्ट सांगायला अक्षर लागत नाही. आणि ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते यंदा कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. खेळणी, चटई, पिण्याच्या पाण्याची टाकी, कुंपण, यांतलं काय लागतं ते ठरावात लिहून घ्या.

ताराबाई आणि अनुताई बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांच्यामागं ना योजना होती, ना आदेश. एक अंगण होतं आणि त्यात बसायची तयारी होती. आपल्याकडं आज योजना आहे, आदेश आहे, अंगण तर आहेच.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तांड्याच्या अर्जाचं काय झालं ते सांगेन. तुमच्या वस्तीतली लेकरं मोजून झाली की तो आकडाही मला कळवा. नमस्कार.